मंगल कार्यालयातलं एक्स्चेंज

कुंदाताई मानकरांना कुठलीही गोष्ट बसून सांगता येत नसे. सांगायला लागल्या की आधी खुर्चीच्या काठावर यायच्या, मग उभ्या राहायच्या, आणि मुद्दा रंगात आला की समोरच्याचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवायच्या, म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये. कित्येकदा माझा चहा त्यांच्या टेबलावर गार झाला आहे. निघताना त्याच विचारायच्या, "काहून बापा, चहा घेतला नाई तुमी?"

यवतमाळात त्यांची इंटरनेटची कंपनी होती आणि आमचीही होती. म्हणजे आम्ही धंद्यातले उघड वैरी. आमचा धंदा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. मी तांत्रिक बाजू बघायचो. कुंदाताईंच्या वडिलांनी गच्चीवर डिश लावून केबल टीव्हीचा धंदा सुरू केला होता. पुण्यात कॉम्प्युटरचं शिकून, काही वर्षं तिथंच नोकरी करून कुंदाताई परत आल्या आणि त्यांनी त्या केबलचं ब्रॉडबँड केलं. यजमान अरविंदराव वकील, शांत माणूस. ते म्हणायचे, "कोर्टात मी बोलतो, कारण घरी नंबर लागत नाही."

त्यांच्या पोरांनी आमची वायर कापली, आमच्या पोरांनी खांबावरचे त्यांचे जोडणीचे डबे उघडून ठेवले, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. अशातच एक दिवस सकाळी कुंदाताई थेट आमच्या घरी आल्या. चप्पल काढता काढताच दादाला म्हणाल्या, "दादा, तुमच्या नेटचा ट्रॅफिक कुठी जाते?"

दादा पेपर वाचत होता. "मुंबईला जातो. सगळ्यांचा तिकडंच जातो."

"मंग मी तुमच्या समोरच्या घरात फोन केला, तं तो कुठून जाईन?"

"मुंबईहून."

"दहा पावलांवर फोन कराले मुंबई कायले लागते? चला गच्चीवर."

आमच्या समोरच्या घरात त्यांच्या कंपनीचं कनेक्शन होतं. त्या घरच्या काकूंना त्यांनी आधीच पटवून ठेवलं होतं. दादाला त्यांनी आमच्या गच्चीवर उभं केलं, हातात आमच्या वायफायवरचा फोन दिला आणि स्वतः जिना उतरून, रस्ता ओलांडून समोरच्या गच्चीवर चढल्या. त्यांच्या फोनला त्यांच्या कंपनीचं वायफाय. व्हिडिओ कॉल लागला. मधे गल्ली, गल्लीत भाजीवाला, दोन्हीकडच्या गच्च्यांवर वाळवणं.

"दादा, ऐका!" त्या ओरडल्या.

आवाज गल्ली ओलांडून आला. दादाने मान हलवली. तेवढ्यात हातातला फोन बोलला, "दादा, ऐका!"

"आयकलं? पह्यली आली ते मी! अन् मांगून आली ते मुंबईले जाऊन आलेली मी!"

भाजीवाल्याने वर बघून विचारलं, "कोण गेलतं हो मुंबईले?"

दादाला हसू आलं, पण तो सहजासहजी हार मानणारा नव्हता. त्याने ओरडून सांगितलं की सगळा उशीर रस्त्याचा नसतो, अॅपचाही असतो. कुंदाताईंनी हे लगेच कबूल केलं. खरं असेल ते मानायला त्यांना क्षणही लागत नसे. "बरोबर! जास्तीचा दोष अॅपचाच हाय. पण उरला तो तं आपला हाय नं? आपला तं काढून टाकू!"

मग खाली येऊन, दादाचा चहा बाजूला सरकवून त्यांनी त्यांचा बेत सांगितला. मुंबईत इंटरनेटची मोठी एक्स्चेंज आहेत. समुद्राखालच्या केबल्स तिथं वर येतात, मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर तिथं आहेत, म्हणून सगळे तिथं जमतात आणि आपापला माल एकमेकांना देतात. एक्स्चेंज म्हणजे तरी काय? एक खोली. खोलीत एक मोठा स्वीच. प्रत्येक कंपनीने आपली फायबर आणून त्यात लावायची. मग तुमच्या गिऱ्हाइकाचं माझ्या गिऱ्हाइकाकडे जे जायचं ते तिथल्या तिथं जातं, बाहेर हिंडत नाही.

"आपल्याजोळ समुद्र नाई, हे मान्य," त्या म्हणाल्या. "पण शेजार तं हाय!"

दादा म्हणाला, "गावातल्या गावात असं कितीसं जातं हो? लोकं तर व्हिडिओ बघतात. ते बाहेरूनच येणार."

"आज कमी जाते, कारण वाटच नाई. वाट केली की लोकं जाईन. अन् आपण सारे एका जागी जमलो, म्हणजे त्या व्हिडिओवाल्यालेही आपल्या दाराशी यावं लागन. एकट्यादुकट्याले तो विचारत नाई."

दादा विचार करतो म्हणाला. दादा 'विचार करतो' म्हणाला की विषय संपला असं आम्ही घरचे समजतो. कुंदाताईंना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी मनावर घेतलं नाही.

दिग्रसचे सलीमभाई मात्र पहिल्या फोनलाच तयार झाले. दिग्रसमधे त्यांचं केबल नेटवर्क होतं. गोड माणूस, पण फार सावध. कुंदाताईंनी त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मनोजभाई, समजा तो आधाच. लेकिन ताईच्या बोलण्यात इतका जोश होता, की नाही म्हणायले मले लाज वाटली."

प्रश्न होता जागेचा. कुठल्याही एक्स्चेंजचा पहिला तंटा हाच असतो, हे मला तेव्हा कळलं. दादाने अर्धवट होकार देताना सांगितलं, आमच्या ऑफिसात करा. सलीमभाई म्हणाले, दिग्रसला मोकळी जागा आहे. कोणी सुचवलं पांढरकवडा, कारण तिथून हायवे जातो आणि हायवेच्या कडेने मोठमोठ्या कंपन्यांच्या फायबर गेल्या आहेत. कुंदाताईंनी स्वतःची गाडी काढली, मला आणि सलीमभाईंना घेतलं आणि आम्ही जिल्हाभर जागा बघत हिंडलो. पांढरकवड्याला हायवेवर उभं राहून त्यांनी दोन्ही दिशांना बराच वेळ पाहिलं. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद.

"फायबर तं लय हाय इथी," त्या म्हणाल्या, "पण आपलं कोणीच नाई. सलीमभाईले इथवर याले सारा जिल्हा ओलांडा लागन. आज नाई जमत. पण ही जागा डोक्यात ठेवा लागते."

"मग कशी जागा पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं.

"सगळ्याइले याले सोपी. लाइट गेली तरी चालू राहाले पाहिजे. अन् मालक असा पाहिजे, की त्याले आपल्या भांडणात काई घेणंदेणं नाई."

अशी जागा सापडली ती एका लग्नात. लग्न माझ्या चुलतबहिणीचं. कुंदाताईंना आमंत्रण होतं, कारण लग्नात वैरी बोलवायची आपल्याकडे रीत आहे. मे महिना, दुपारची पंगत, वांग्याची भाजी आणि बुंदी वाढून झालेली. तेवढ्यात लाइट गेली. हॉलभर 'अरे' असा आवाज उठला आणि तो पूर्ण व्हायच्या आत पंखे परत फिरायला लागले. सगळे जेवायला लागले. कुंदाताई मात्र हात तसाच ठेवून पंख्याकडे बघत बसल्या. मग उठल्या आणि खरकट्या हाताने कार्यालयाच्या मालकाला शोधत निघाल्या.

मालक बबनराव भेदरले. त्यांना वाटलं, जेवणात काही निघालं.

"ताई, भाजी खारट झाली काय?"

"भाजी जाऊ द्या हो. जनरेटर दाखवा!"

बबनरावांनी जनरेटर दाखवला. मोठा, नवा, आपोआप चालू होणारा. त्यांनी सांगितलं की एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लाइट गेली होती आणि वरपक्षाने त्यांना जे ऐकवलं, त्यानंतर त्यांनी हा घेतला. कुंदाताईंनी त्या जनरेटरवरून असा हात फिरवला की जणू म्हैस घ्यायला आल्या आहेत. मग विचारलं, "एखादी खोली हाय काय रिकामी?"

स्टेजच्या मागे एक खोली होती. नवरानवरीच्या मखमली खुर्च्या, थर्माकोलचे हत्ती, प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा असं सगळं तिथं पडलेलं असायचं. कुंदाताई आत गेल्या, भिंती ठोकून पाहिल्या, खिडकीतून बाहेर डोकावल्या. बाहेर मुख्य रस्ता. रस्त्यावरून आमची, त्यांची, सगळ्यांची फायबर गेलेली.

"इथी एक्स्चेंज करू," त्या म्हणाल्या.

"टेलिफोन एक्स्चेंज तं जुनं हाय नं गावात," बबनराव म्हणाले.

"ते नाई. हे दुसरं. इथी आमी सारे भांडणारे लोकं येऊन वायरी जोडू."

बबनरावांनी डोकं खाजवलं. "मले का त्याचं? माह्याकडं तं रोजच दोन पार्ट्या येते. जोडून देणं हाच धंदा हाय माहा."

कुंदाताईंना ते इतकं आवडलं, की पुढे कितीतरी बैठकांत त्यांनी ते बबनरावांच्या नावानिशी सांगितलं.

थर्माकोलचे हत्ती बाहेर गेले. रॅक आला, स्वीच आला, एसी लागला. दादा शेवटपर्यंत कुरकुरत होता. "मला वाटेल तेव्हा मी वायर काढून घेईन," असं त्याने बजावलं. कुंदाताई म्हणाल्या, "काढा नं. कैची मीच आणून देईन तुमाले." शेवटी तो आला. तीन कंपन्या झाल्या. त्यांची, आमची आणि सलीमभाईंची.

जोडणीच्या दिवशी बाहेर वरात दाराशी आली होती. आत आम्ही लॅपटॉपवर डोळे लावून बसलो होतो. आमच्या मशिनवरून त्यांच्या मशिनला निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो ते पडद्यावर दिसत होतं. इतके दिवस तो आकडा मुंबईच्या फेऱ्याचा होता. कुंदाताईंनी वायर खुपसली. आकडा जागेवरच होता. मग एकदम तो कोसळला, जवळजवळ काहीच उरला नाही. सलीमभाई "सुभानल्ला" म्हणाले. दादाने चष्मा पुसून परत लावला.

आणि कुंदाताई? त्या तोवर खोलीत नव्हत्याच. बाहेर बँड जोरात होता, त्या तडक वरातीत शिरून नाचत होत्या. हात वर, पदर खोचलेला. वरपक्षाला वाटलं, वधूकडच्या आहेत. वधूकडच्यांना वाटलं, वराची आत्या असेल. कोणीतरी त्यांच्या डोक्यावर फेटा बांधला. तो फेटा घालूनच त्या आत आल्या आणि दादाला पेढा दिला. पेढा लग्नाचा होता.

पहिला उन्हाळा मात्र गमतीचा गेला. यवतमाळचा मे महिना, आणि कार्यालयात थंड खोली एकच. ही बातमी कुठल्याही लग्नात तासाभरात पसरायची. आम्ही जावं तर रॅकला पाठ टेकून कोणाची तरी मावशी झोपलेली, शेजारी लहान बाळं ओळीने. मी चिडलो. कुलूप घाला म्हणालो. कुंदाताईंनी कुलूप घातलं, पण आधी बबनरावांच्या मागे लागून नवरीच्या खोलीत एसी बसवून घेतला. "मावशीले उन्हात टाकून आपल्या स्वीचले हवा घालाची? बरं दिसते का ते?"

त्यानंतर काही महिन्यांनी तो दिवस आला, ज्यामुळे आमचं एक्स्चेंज जिल्ह्याला माहीत झालं. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. जेसीबीने बाहेर जाणारी फायबर तोडली. दुसऱ्या मार्गावरची लाइन त्याच दिवशी दुरुस्तीसाठी बंद होती. भर दुपारी सगळ्या कंपन्यांचं नेट गेलं. आमच्या ऑफिसात फोनवर फोन, जो तो शिव्या घालतोय. कुंदाताई आमच्या दाराशी आल्या होत्या आणि आम्ही दोघं तुटलेल्या जागी निघत होतो, एवढ्यात त्यांच्या फोनवर सलीमभाई आले. कुंदाताईंनी स्पीकर लावला.

"ताई! माह्याकडं सगळं बंद हाय!"

"माहीत हाय, सलीमभाई. जोडून राह्यले."

"तसं नाही! ऐका तर! सगळं बंद हाय, पण डॉक्टरचा फोटो गेला!"

झालं होतं असं. दिग्रसला एक शिक्षक जिन्यावरून पडले होते, डोक्याला मार होता. तिथल्या केंद्रात स्कॅन काढला. तो बघणारे डॉक्टर यवतमाळला. त्यांचा सर्व्हर यवतमाळातच, आमच्या नेटवर्कवर. दिग्रसचं केंद्र सलीमभाईंच्या नेटवर्कवर. पूर्वी तो स्कॅन मुंबईला जाऊन परत यायचा. आज मुंबईचा रस्ताच नव्हता. पण स्कॅन मंगल कार्यालयातून गेला. नावावरून नेटवरचा पत्ता शोधून देणारा एक छोटा सर्व्हर कुंदाताईंनी हट्टाने त्या खोलीत बसवून घेतला होता, आम्ही त्याला उगाचचा खर्च म्हणालो होतो. तो नसता तर वाट असूनही घर सापडलं नसतं. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला आणि कळवलं, आत्ताच्या आत्ता इकडे आणा, मी तयार राहतो. अॅम्ब्युलन्स निघाली होती.

कुंदाताई खाली बसल्या. फोन हातात तसाच. सलीमभाई तिकडून "ताई, हाय का तुमी?" म्हणत राहिले. मग कुंदाताईंनी माझा हात धरून इतका हलवला की खांदा दुखला.

संध्याकाळपर्यंत फायबर जोडली गेली. गुरुजींचं ऑपरेशन झालं, ते बरे होऊन परत वर्गावर गेले. ही गोष्ट मात्र त्यांच्याआधीच जिल्हाभर हिंडून आली. मारेगावचे फोन आले, पुसदचे आले, आर्णीचे, वणीचे. दोन वर्षं ज्यांना बोलावून बोलावून थकलो होतो, ते आता विचारायला लागले, स्वीचमधे वायर लावायला पोर्ट शिल्लक आहे का. एक्स्चेंज वाढतं ते असं. पहिले तीन यायला जन्म जातो. चौथ्याला पहिल्या तिघांमुळे यावंसं वाटतं, पाचव्याला चौघांमुळे, आणि मग न येणाऱ्यालाच आपण बाहेर राहिलो असं वाटायला लागतं. कुंदाताई रोज कार्यालयात. नवा माणूस आला की त्याची वायर स्वतःच्या हाताने लावायच्या आणि त्याच्या खांद्यावर थाप मारायच्या. "आले! आता पाहा मजा!"

मजेत मिठाचा खडा पडला तो मारेगावची कंपनी चालवणाऱ्या माणसामुळे. त्याची काही गिऱ्हाइकं तुटून कुंदाताईंच्या कंपनीकडे गेली. त्याने बैठकीत उभं राहून विचारलं, "स्वीच तुमच्या हातात. कोणाचा ट्रॅफिक किती, कुठी जाते, सारं तुमाले दिसते. मंग गिऱ्हाइक तुमच्याकडंच कसे येऊन राह्यले?"

कुंदाताई लाल झाल्या. "मी तुमची गिऱ्हाइकं चोरली म्हणता? मी?"

त्यांनी काही केलं नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बहुधा मारेगाववाल्यालाही. पण त्याच सुमारास एका मोठ्या व्हिडिओ कंपनीचा माणूस जागा बघायला येऊन गेला होता. त्याला खोली आवडली, जनरेटर आवडला, एवढ्या कंपन्या एका जागी बघून तो खूश झाला. जाताना त्याने एवढंच विचारलं होतं, "हे चालवतं कोण?" आणि मग, "त्यांची स्वतःची कंपनीही आहे का?" त्यानंतर त्याच्याकडून काही उत्तर आलं नव्हतं.

त्या बैठकीत शेवटी बोलला तो दादा.

"कुंदाताई, तुमच्यावर माझा भरवसा आहे. नसता तर मी वायर काढून नेली असती. पण उद्या तुम्ही नसाल. तुमच्या जागी दुसरा कोणी बसेल. त्याच्यावर आम्ही काय म्हणून भरवसा ठेवायचा? खेळणाऱ्याने पंच होऊ नये."

"म्हणजे मी हे सोडू?"

"दोन्हीतलं एक."

त्या उठल्या आणि निघून गेल्या. दार इतकं जोरात आपटलं की बाहेर बबनराव धावत आले.

बरेच दिवस त्या फिरकल्या नाहीत. फोन घेत नव्हत्या. दादा घरात अस्वस्थ हिंडायचा. "मी चुकलो का रे?" असं त्याने मला दोनदा विचारलं. मी म्हणालो, नाही. पण त्याला झोप लागत नव्हती.

मग एका रविवारी सकाळी कुंदाताई आल्या. बरोबर अरविंदराव. त्या खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसल्या, हे पाहूनच काहीतरी बिनसलं आहे हे मी ओळखलं.

"दादा, माही कंपनी घेता का?"

दादाच्या हातातला चमचा खाली पडला.

"गंमत नाई करून राह्यली. अर्धी तुमी घ्या, अर्धी सलीमभाई घेतीन. त्याह्यच्याशी बोलली मी. अट एकच हाय. माह्या एकाही पोराले कामावरून काढाचं नाई."

दादाने अरविंदरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. मला विचारलं नाही, सांगितलं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तीन दिवस जेवली नाही नीट. विचार करूनच बोलते आहे."

"अहो, तुमच्या बाबांच्या हातची कंपनी ती," दादा म्हणाला. "मी बोललो ते रागाने घेऊ नका. काहीतरी दुसरा मार्ग काढू."

"दुसरा मार्ग नाई, दादा. मी लय शोधला. तुमी बरोबर बोलले, म्हणून तं इतका राग आला मले. अशा कंपन्या जिल्ह्यात पंधरा हाय. एक्स्चेंज एकच हाय. मंग मी कोणतं राखू?"

सगळ्यांनी मिळून एक्स्चेंज चालवायला संस्था केली. कुंदाताई तिच्या व्यवस्थापक झाल्या, ठरावीक पगारावर. ज्या दिवशी त्यांच्या जुन्या ऑफिसवरची पाटी उतरवली, त्या दिवशी मी त्यांना शोधत कार्यालयात गेलो. बाहेर कोणाचं तरी लग्न आटोपत आलं होतं, पाठवणी चालली होती. कुंदाताई स्वीचच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. रडून झालं होतं, नाक लाल होतं.

"मनोजभाऊ, पोरगी सासरी गेली आज," त्या म्हणाल्या. "बरं झालं, मांडव तयारच होता." आणि ओल्या डोळ्यांनीच हसत सुटल्या.

महिन्याभरातच व्हिडिओ कंपनीचं उत्तर आलं. ते आपला कॅश सर्व्हर पाठवणार होते. लोक जे जास्त पाहतात ते त्यात साठवून ठेवलेलं असतं, म्हणजे प्रत्येक वेळी लांबून आणावं लागत नाही. कुंदाताई पायऱ्यांवरूनच ओरडत आल्या, "बबनराव! कॅश येऊन राह्यली! कॅश!"

बबनरावांचा चेहरा उजळला. "किती येऊन राह्यली?"

"दोन मोठे डबे!"

"अन् ठेवाची कुठी? बँकेत नाई ठेवत का?"

गैरसमज दूर करायला आम्हाला अर्धा तास लागला, कारण कोणालाच हसू आवरत नव्हतं. डबे आले, बसले, चालू झाले. पहिल्या तासाला काही नाही. मग पडद्यावरची ट्रॅफिकची रेघ हळूहळू वर चढायला लागली. बघता बघता ती अशी उभीच्या उभी वर गेली, की सलीमभाई खुर्चीवर चढले. मारेगावचा माणूस, तोच, कुंदाताईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला दंडाला धरून वर उठवलं. "पाया कायले पडता? पोर्ट मोठं घ्या आता!"

दादा मागे उभा होता. तो मला हळूच म्हणाला, "मनोज, हिने मला गच्चीवर नेलं नसतं तर आपण अजून एकमेकांच्या वायरी कापत बसलो असतो रे."

पुढे मुलाच्या नोकरीमुळे मी पुण्याला आलो. दादा फोनवर बातम्या देतो. पांढरकवड्याला आता एक्स्चेंजची दुसरी जागा होते आहे, यवतमाळच्या जागेला जोडलेली, आणि कुंदाताई तिकडेच मुक्काम ठोकून असतात, असं त्याने सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात मी तिकडच्याच नातेवाइकांकडून एसटीने परत येत होतो. पांढरकवड्याजवळच्या केळापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी गाडी थांबली. खिडकीतून पाहतो तर रस्त्याच्या कडेला फायबर गुंडाळायचं लाकडी चाक आडवं टाकलेलं. त्यावर डबे उघडून जेवण मांडलेलं, भोवती चार-पाच अनोळखी माणसं आणि मधे उभ्या कुंदाताई. केस पांढरे झालेले. हातात भाकरीचा तुकडा, आणि त्याच हाताने त्या दक्षिणेकडे काहीतरी दाखवत होत्या.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं आणि धावतच खिडकीशी आल्या.

"मनोजभाऊ! उतरा खाली! हे आदिलाबादचे लोकं हाय! इथून इतकेसे दूर, अन् याह्यचा फोन आपल्याकडं याले पाहा कुठून कुठून येते! मी म्हटलं, राज्य बदलते म्हणून का वायर बदलते?"

"ताई, गाडी निघतेय!"

"निघू द्या! मी येते संगं!"

आणि खरंच त्या गाडीबरोबर चालायला लागल्या, मग पळायला लागल्या. एक हात खिडकीच्या गजाला. सांगत होत्या, त्या लोकांना मराठी थोडी समजते, आपल्याला तेलुगू येत नाही, पण काम अडत नाही. ते म्हणतात आमच्या गावात जागा करा, मी म्हणते दोन्हीकडे करू. आणि एकदा का हे दोन्ही जोडलं गेलं, की मग पाहा, तिकडून थेट...

गाडीने वेग घेतला. हात सुटला. मी मान बाहेर काढून मागे पाहिलं. त्या धुळीत उभ्या राहून माझ्याकडे हात हलवत असतील असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. त्या केव्हाच वळल्या होत्या आणि चाकाकडे परत निघाल्या होत्या, भाकरीचा हात हवेत उंच करून, माझ्यापाशी अर्धं राहिलेलं वाक्य त्या आदिलाबादच्या माणसांना पुढे सांगत.